पडद्याकडे पाठ करून

गजू गेल्याचं कळलं तेव्हा मी अकोल्यात आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये सातवीच्या वह्या तपासत बसलो होतो. फोन त्याच्या मेहुण्याचा होता. "भाऊजी गेले," एवढंच तो म्हणाला आणि मग त्याच्यामागून नुसतं बायकांचं रडणं ऐकू येत राहिलं. लग्नाचं शूटिंग आटोपून गजू सकाळी घरी आला, कॅमेऱ्याची बॅग खाली ठेवली, पाणी मागितलं, आणि पाणी येईपर्यंत… मी वह्या तशाच टाकून अमरावतीची एसटी पकडली. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा आलं. वाटेत त्याचा चेहरा आठवायला हवा होता. आठवत राहिला तो त्याचा एक प्रश्न. गेलं वर्षभर भेटेल त्या माणसाला तो हाच प्रश्न विचारत होता. त्याचं उत्तर मला ठाऊक आहे अशी माझी पक्की खात्री होती आणि तरीही मी ते त्याला सांगितलं नव्हतं.

गजू अमरावतीत लग्नांचे व्हिडिओ काढायचा. परतवाड्याच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. पुढे मी मास्तर झालो, त्याने कॅमेरा घेतला. त्या वयात आम्ही गावातल्या व्हिडिओ सेंटरात जाऊन परदेशी घोडेस्वारांचे सिनेमे पाहायचो. टोपीवाले, न बोलणारे, कंबरेला पिस्तूल लावलेले लोक. त्यांची भाषा कळत नसे, पण धूळ, ऊन आणि उजाड माळ अगदी ओळखीचा वाटे. "हे तं आपलंच रान आहे बे," गजू म्हणायचा, "फक्त कापसाची पऱ्हाटी दिसत नाही." ते खूळ त्याच्या डोक्यातून कधी गेलंच नाही. चाळिशी उलटल्यावर, लग्नाचा सीझन संपताच त्याने असा एक सिनेमा खरोखरच काढायला घेतला. माळ म्हणून शहराबाहेरची खडी फोडायची गिट्टी खदान, पिस्तुलं दिवाळीच्या टिकल्यांची, टोप्या जत्रेतल्या आणि घोडी वरातीची.

घोडीने सगळ्यांना दमवलं. जन्मभर फटाके आणि बँड ऐकलेलं जनावर ते. टिकली फुटली की तिला वाटायचं वरात निघाली. समोर दोन वैरी डोळ्यांत डोळे घालून उभे आहेत, पहिली गोळी सुटते आहे आणि मागे घोडी ठेक्यात पाय टाकत नाचते आहे. तिचा मालक हात जोडून म्हणाला, "भाऊ, थे इमानदारीनं आपलं काम करून राह्यली." गजूने कॅमेरा बंद केला नाही. लोकांना सिनेमात सगळ्यात जास्त तेच आवडलं. डाकूचं काम माझ्याकडे होतं आणि शेवटी मी मरत होतो, म्हणून मी सुटलो असं समजून अकोल्याला परतलो. मग लोकांनी दुसरा भाग मागितला.

"मास्तर, तुले परत यावं लागते," त्याचा फोन आला.

"अरे, मी मेलो ना त्यात!"

"तू मेला. तुहा जुळा भाऊ कुठं मेला?"

असा मी दुसऱ्या भागात आलो. सगळा सिनेमा टवाळकीचा, पण त्यात गजूने एक प्रसंग मनापासून लिहिला होता. मेलेल्या डाकूची घोडी त्याच्या कबरीपाशी उभी आहे. जुळा भाऊ येतो, तिचा लगाम काढतो आणि म्हणतो, "जाय वं बाई. आता तुले कोनी बांधत नाही. जाय." घोडी जात नाही. बस, एवढंच. ऑक्टोबरमधलं दुपारचं ऊन होतं. घामाने माझ्या नकली मिशीचं एक टोक सुटलं आणि ओठावर लोंबायला लागलं. मला ते जाणवत होतं. गजू कॅमेऱ्यामागून ओरडला, "झकास!" त्याचे डोळे भरून आले होते. पुन्हा करू या म्हणायला हवं होतं. पण गर्मी होती, घरी जायचं होतं आणि आपल्या मिशीपायी त्याचा तो आनंद मोडायचं माझ्या जिवावर आलं.

मंगल कार्यालयांच्या मालकांशी गजूची घसट होती. लग्नं नसलेल्या दिवसांत ते त्याला हॉल देत आणि तो तिथे आपला प्रोजेक्टर लावून सिनेमा दाखवायचा. अमरावतीत लावला, परतवाड्यात लावला, अकोल्यातही आणला. प्रत्येक ठिकाणी त्याची एक खुर्ची असायची. पडद्याच्या बाजूला, पडद्याकडे पाठ आणि लोकांकडे तोंड. लोकांचे चेहरे दिसावेत म्हणून डोक्यावर एक छोटा बल्ब चालू ठेवायचा. मी एकदा म्हटलं, "तू आपला सिनेमा तरी पाह्य." तो म्हणाला, "तो तं मी काढला. लोकायले कुठं पाह्यलं अजून? लग्नात सारे नवरा-नवरीकडे पाह्यते, अन् तिकडं कोपऱ्यात नवरीचा बाप डोये पुसत असते. कॅमेरा तिकडं फिरवा लागते मास्तर."

आणि इथेच तो प्रश्न निघाला. घोडीच्या त्या प्रसंगाला हॉलमधले लोक हसायचे. खसखस नव्हे, खदाखदा. प्रत्येक हॉलमध्ये, त्याच जागी. गजूला राग आला नाही, वाईटही वाटलं नाही, पण त्याचं कुतूहल जाईना. खेळ संपला की तो दारात उभा राहून विचारायचा, "काका, घोडीपाशी तुमी काहून हासले?" काका म्हणायचे, "असंच. मजा आली." बायका पदर तोंडाला लावून पुढे सटकायच्या. कॉलेजची पोरं म्हणायची, "एक नंबर सीन आहे काका," आणि पुन्हा हसायची.

मग त्याने सिनेमा इंटरनेटवर टाकला आणि कोडं आणखी वाढलं. खाली लोक अभिप्राय लिहू लागले आणि गजू रोज मला फोनवर ते वाचून दाखवू लागला. "हिरोले घरी पाठवा, घोडीले पुढच्या भागात डबल रोल द्या." "मेलेला डाकू परत कसा आला बे?" "टाईम वाया गेला. उद्या पुन्हा पाहीन." कुणीतरी शहरी माणसाने लिहिलं होतं की भाषा फार अशुद्ध आहे. त्यावर गजूने विनम्रपणे विचारलं होतं, "माणसांची की घोडीची?" पण घोडीच्या त्या प्रसंगाबद्दल सगळे एकच लिहीत होते. "राजेहो, डोळ्यात पाणी आणलं." "माझ्या बाबांचा बैल आठवला." एक बाई लिहीत होत्या की त्यांना तिथे सिनेमा थोडा वेळ थांबवावा लागला.

"मोबाईलवाले रडते अन् हॉलवाले हासते," गजू म्हणायचा. "सिनेमा एकच, माणसंही आपलीच. असं काहून होत असन मास्तर?"

मी "पाहू, सापडेल काही तरी" असं म्हणून विषय बदलायचो. मला वाटायचं, यात काय कोडं आहे? मोबाईलच्या वीतभर पडद्यावर मिशी दिसत नाही. हॉलच्या भिंतीवर ती हातभर होऊन लोंबते. लोक मला हसतात. अकोल्याच्या खेळाला तर माझे विद्यार्थी आले होते. त्यामुळे तो प्रसंग जवळ आला की मी प्रत्येक वेळी उठून बाहेर जायचो, फाटकाशी चहा घ्यायचो, आणि आतून हसण्याचा लोट आला की मान खाली घालायचो. त्याच्या जिवाभावाच्या प्रसंगाची आपण माती केली आणि तो मात्र सगळ्या गावाला विचारत सुटला आहे… तो भोळेपणा मला सहन होत नसे. सांगायचं धाडसही होत नसे.

तो गेल्यानंतर महिनाभराने त्याच्या बायकोचा, वहिनींचा, फोन आला. "भाऊजी, रडाले लई लोक येऊन गेले. आता ह्यायचा सिनेमा लावा एकदा." ज्या मंगल कार्यालयात दुसऱ्या भागाचा पहिला खेळ झाला होता, तिथेच रविवारी सकाळी आम्ही तो लावला. कुणीतरी सवयीने खुर्ची मांडली होती, पडद्याकडे पाठ केलेली, आणि वरचा बल्बही लावला होता. खुर्ची रिकामी. हॉल भरलेला. त्या दिवशी मी ठरवलं होतं की बाहेर जायचं नाही. लोक माझ्या मिशीला हसतील ते बसून ऐकायचं. गजूला देता आलं नाही ते उत्तर निदान स्वतःला तरी समोरासमोर ऐकवायचं.

घोडी नाचली आणि हॉल हसला. मेलेल्या डाकूचा जुळा भाऊ दारात उभा राहिला तेव्हा तर एक आजोबा हसता हसता ठसकले. मग कबर आली. मी खुर्चीचे हात घट्ट धरले. पडद्यावर माझं भलंमोठं तोंड, त्यावर लोंबणारी मिशी, अगदी स्पष्ट. "जाय वं बाई…" आणि हॉलमध्ये कुणीही हसलं नाही. पंख्यांचा आवाज ऐकू येत होता. माझ्या पुढच्या रांगेत एका माणसाने चष्मा काढून पुसला. घोडी गेली नाही, तशीच उभी राहिली, आणि लोकही तसेच बसून राहिले. पुढच्या गोळीबाराला पुन्हा हशा पिकला.

दुखवट्यामुळे गप्प बसले म्हणावं, तर आधी आणि नंतर पोट धरून हसलेच होते. मिशी तर जागच्या जागी होती. मग आज त्या एका जागी लोक हसले का नाहीत? लोक पांगल्यावर वहिनी वायरी गुंडाळत होत्या, त्यांना मी विचारलं.

"तुमी कधी आत बसलेच नाही ना भाऊजी," त्या म्हणाल्या. "थ्या सीनले ह्यायचे ओठ हालाचे. तुमचा डायलॉग तुमच्याआधी हेच म्हणाचे. घोडीनं मान हालवली का हेही हालवाचे. डोये भरलेले, ओठ चालू, अन् डोक्यावर थो बलप! समोरचा माणूस पडद्याकडे पाहीन का ह्यायच्याकडे? कोन नाही हासणार?"

"आणि माझी मिशी?"

"कोन्ती मिशी?"

मी वायरीचं दुसरं टोक हातात घेतलं. विचारलं, "मग तुम्ही त्याला सांगितलं का नाही?"

"सांगतलं असतं तं खुर्ची फिरवून बसले असते," वहिनी म्हणाल्या. "मंग काय पाह्यलं असतं त्यायनं?"

तेव्हापासून माझी बोचणी जागा बदलून बसली आहे. मिशीचं ओझं उतरलं. पण मी एकदा, फक्त एकदा, लाज गिळून आत बसलो असतो तर मित्राचा तो चेहरा मला पाहायला मिळाला असता. परतवाड्यापासून अमरावतीपर्यंतच्या अनोळखी लोकांनी तो पाहिला. मी बाहेर चहा पीत होतो. आणि पाहिला असता तर मी त्याला सांगितलं असतं का? वहिनींसारखाच गप्प राहिलो असतो का? प्रामाणिकपणे सांगतो, मला अजून ठरवता आलेलं नाही. कधी वाटतं, त्याच्या प्रश्नाचं उत्तर त्याला मिळायला हवं होतं. कधी वाटतं, शेवटचं वर्षभर तो इतका मजेत होता तो त्या प्रश्नामुळेच.

गेल्या रविवारी अमरावतीला त्याच्या घरी गेलो. टीव्हीच्या बाजूला त्याची घरातली प्लास्टिकची खुर्ची तशीच आहे, टीव्हीकडे पाठ, दिवाणाकडे तोंड. वहिनींनी ती हलवलेली नाही. दिवाणावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग होता, म्हणून मी तिच्यावर बसलो. कपड्यांच्या घड्या घालता घालता त्यांनी मोबाईलवर आलेले नवे अभिप्राय वाचून दाखवले. कुणीतरी विचारलं होतं, तिसरा भाग कधी?  मग त्यांनी उठून टीव्हीवर सिनेमा लावला आणि पुन्हा घड्या घालू लागल्या.

माझ्या पाठीमागे टिकल्या फुटत होत्या, घोडी नाचत होती. मी वहिनींकडे पाहत होतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला कळत होतं की इथून माणसं किती वेगळी दिसतात. टॉवेल हातात तसाच राहतो. कपाळावरची आठी जाते, येते. मग मागे वाऱ्याचा आवाज सुरू झाला, म्हणजे कबर आली. वहिनींचे हात थांबले. डोळे टीव्हीवरून सरकून माझ्यावर आले आणि तिथेच राहिले. आणि एकदम त्यांनी तो टॉवेल तोंडाला लावला… खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडू आलं. टॉवेल खाली आला तेव्हा त्या हसत होत्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होत्या.

तेव्हा मला माझे ओठ जाणवले. ते "जाय वं बाई" म्हणून नुकतेच मिटत होते.

काहून हसल्या, हे मी विचारलं नाही.