काय गेलं तर रडाल?

लॅपटॉप उघडून परत बसवला की एखादा स्क्रू उरतोच. तो कुठून निघाला ते देव जाणे, लॅपटॉप मात्र त्याच्याशिवाय मजेत चालतो. आमच्या दुकानात असे उरलेले स्क्रू एका हिरव्या पत्र्याच्या पेटीत टाकायची पद्धत होती. किस्से तसेच साठत गेले. कामाचे नाहीत, पण टाकवत नाहीत!

दुकान लातूरचं, क्लासेसच्या गल्लीतलं. मालक सलीमभाई. त्यांचे अब्बा रेडिओ दुरुस्त करत गावोगावच्या बाजारांत फिरायचे, ती पेटी त्यांचीच. मी नांदेडची. लग्न होऊन लातूरला आले, हार्डवेअरचा कोर्स केलेला होता, म्हणून तिथे कामाला लागले.

* * *

पहिल्याच महिन्यात एक गृहस्थ लॅपटॉप घेऊन आले. मी हात पुढे केला, तर त्यांनी लॅपटॉप छातीशी धरला आणि मेकॅनिक कधी येणार म्हणून विचारलं. मी म्हटलं, बसा. ते बसले. तासाभरात मी त्यांच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याचा लॅपटॉप पूर्ण खोलला, पुसला, जोडला, चालू केला. तरी ते रस्त्याकडे बघून मेकॅनिकची वाट बघतच होते.

शेवटी सलीमभाई आले. गृहस्थांनी सुटकेचा निःश्वास सोडून लॅपटॉप त्यांच्या हातात दिला. सलीमभाईंनी तो वरखाली केला, बटण दाबून बघितलं आणि म्हणाले, "जरा थांबा, मला जमंल का ते ताईंना विचारून सांगतो."

* * *

आमच्या रजिस्टरला एक जगावेगळा रकाना होता. नाव, मशीन, तक्रार, आणि शेवटी: काय गेलं तर रडाल? गिऱ्हाइकानं तो स्वतःच्या हातानं भरल्याशिवाय सलीमभाई स्क्रू ढिला करत नसत.

याला कारण फिजिक्सचे एक सर. त्यांचा लॅपटॉप फॉरमॅट मारताना वर्षभराची प्रश्नपेढी उडाली. सर दुकानाच्या पायरीवर बसून लहान पोरासारखे रडले. सलीमभाईंना इतकं लागलं की ते दोन दिवस नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी सरांच्या बॅचची पोरं दुकानात आली. टेस्ट रद्द झाली होती. पोरांनी पेढे आणले होते!

* * *

त्या रकान्यात लोक काय काय लिहायचे! डाळ मिलच्या एका मुनीमजींनी लिहिलं, "नोकरी." नव्यानं लग्न झालेल्या एका मॅडमनी लिहिलं, "लग्नाचे फोटो (नणंदेचे सोडून)."

मुखेडच्या एक बाई मुलाच्या क्लाससाठी खोली करून राहत होत्या. असं लातुरात घरोघर. पोरगं बॅचला, आई स्वयंपाकाला, वडील गावाकडे. मुलानं रकान्यात "नोट्स" लिहिलं. बाईंनी पेन घेऊन ते खोडलं आणि सरळ सांगितलं, "नोट्स कशाच्या, गेमा हायत. पण उडवू नका, परीक्षेनंतर पोरगं रुसंल." मग सलीमभाईंनी सगळे गेम एका सीडीत भरून दिले आणि बाईंनी ती सीडी धान्याच्या डब्यात, ज्वारीखाली ठेवली. परीक्षा संपल्यावर पोराला ती मिळाली. तोवर त्याला गेममध्ये काय करायचं तेच आठवेना.

* * *

विंडोज मारायला लागतं काय? एक बूटेबल, म्हणजे मशीन ज्यावरून सुरू होतं असा, पेन ड्राइव्ह किंवा तशी सीडी. आमच्याकडे दोन्ही एकेक होतं. होतं म्हणजे, होतं.

पेन ड्राइव्ह शेजारच्या क्लासची पोरं तासाभरासाठी घेऊन गेली आणि अगदी वेळेवर परत दिला. आत केमिस्ट्रीची चौदा लेक्चर! "काका, त्याच्यात काहीतरी फालतू फायली होत्या, त्या काढून टाकल्या." सीडीचं त्याहून वाईट झालं. गच्चीवर पापडांवर कावळे येतात म्हणून भाभींनी, सलीमभाईंच्या बायकोनं, ती दोरीला टांगली. आठवडाभर उन्हात फिरून ती अशी वाळली की नंतर कुठल्याच ड्राइव्हनं तिला ओळख दाखवली नाही. कावळे मात्र आले नाहीत, हे भाभी आजही सांगतात.

* * *

सलीमभाईंची आणखी एक खोड होती. काम झालं की मशीनवर एक जुनं गाणं लावायचे, आणि ते पूर्ण संपेपर्यंत मशीन गिऱ्हाइकाला द्यायचे नाहीत. विचारलं तर म्हणायचे, स्पीकर टेस्ट. बॅचला उशीर झालेली पोरं पाया पडायची, काका, अर्धंच ऐका ना. काका डोळे मिटून ऐकत असायचे.

एकदा एका लॅपटॉपचे स्पीकरच मेलेले होते. तरी गाणं लावलं आणि पडद्यावरची रेघ शेवटपर्यंत सरकेस्तोवर आम्ही तिघं, सलीमभाई, मी आणि गिऱ्हाईक, गप उभे होतो!

मी एकदा त्यांना विचारलं, तुम्ही त्या रकान्यात काय लिहाल? ते हसले. "आपल्यापाशी रडण्यासारखं काय हाय ताई? अब्बांचा एक फोटोबी न्हाई."

* * *

आता शेवटचा.

पेन ड्राइव्ह आणि सीडी दोन्ही गेल्यानंतरच्या आठवड्यात एक निवृत्त गुरुजी आले. एसटीनं, लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून. मशीन सुरूच होत नव्हतं. रकान्यात त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं, "गाव."

त्यांचं जुनं गाव भूकंपात गेलं होतं. उरलेल्यांना दूर नवी घरं मिळाली. गुरुजी गेली कित्येक वर्षं त्या जुन्या गावाचा नकाशा लॅपटॉपवर काढत होते. कुठली गल्ली, कुठलं घर, घरात कोण कोण, विहीर कुठे, पार कुठे. म्हातारी माणसं येऊन सांगत, गुरुजी भरत. सांगणारे आता थोडेच उरले होते, आणि नकाशाची दुसरी प्रत नव्हती.

लॅपटॉप इतका जुना की सीडीचं दार उघडेना आणि पेन ड्राइव्हवरून सुरू होणं त्याच्या काळी नव्हतंच. शेवटी मी त्याची हार्ड डिस्क काढून आमच्या मशीनला लावली. आधी नकाशाच्या फायलीची कॉपी घेतली. पण ती आमच्याकडे उघडेना. कुणा भाच्यानं घालून दिलेला जुना प्रोग्रॅम होता, त्याचा सेटअप त्याच डिस्कच्या एका कप्प्यात, आणि चालणार त्याच मशीनवर. म्हणजे गाव शिल्लक आहे की नाही, हे लॅपटॉप चालू झाल्याशिवाय कळणार नव्हतं.

डिस्कवर मोकळी जागा होती. तिथे आणखी एक छोटा कप्पा पाडून मी आमच्या मशीनवरचा विंडोजचा सगळा सेटअप त्यात ओतला आणि डिस्क परत जागेवर बसवली. आता लॅपटॉपनं बाहेरचं काही न मागता स्वतःच्याच पोटातून विंडोज घ्यायची होती. बटण दाबलं. त्यानं घेतली! पण मध्येच त्यानं विचारलं, कुठला कप्पा पुसू? माझं बोट थांबलं. मी आकडे तीनदा वाचले, सलीमभाईंनी चौथ्यांदा वाचले, मग एंटर मारलं. गुरुजी तेवढा वेळ टॉवेलाची घडी घालत होते, मोडत होते.

दुपार झाली. प्रोग्रॅम बसला. फाईल उघडली. गल्ल्या, घरं, नावं, सगळं जागेवर. गुरुजींनी चष्मा काढून पुसला. मी उगाच स्क्रू आवरायला लागले.

सलीमभाईंनी सवयीनं गाणं लावलं. गुरुजींनी मशीनसाठी हात पुढे केला, तर सलीमभाई म्हणाले, गाणं होऊ द्या. गुरुजींनी हात मागे घेतला आणि त्यांच्याकडे बघतच राहिले. गाणं संपल्यावर गुरुजींनी नकाशा बाजाराच्या जागेवर नेला. लिंबाखाली एक बारीक चौकोन होता. त्यात लिहिलं होतं, "रेडिओवाले चाचा, फक्त बुधवारी."

"गावात घर नव्हतं त्यांचं," गुरुजी म्हणाले. "पण बुधवारच्या बाजारात तिथं दुसरं कुणी बसत नसे. रेडिओ दुरुस्त झाला तरी लगेच देत नसत. एक गाणं पुरं ऐकायचे, मग द्यायचे."

सलीमभाईंनी त्या चौकोनावर बोट ठेवलं. मग त्यांनी विचारलं, "सावली यायची का तिथं?"

"दिवसभर," गुरुजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रजिस्टर उघडलं. गुरुजींच्या खाली एक नवी ओळ होती. नाव: सलीम. मशीन: कोरं. तक्रार: कोरी. काय गेलं तर रडाल?

"बुधवार."