सतरा जणींची एकच सही

"सही कुणाची केलीस?"

"नमुन्यात होती तीच."

"अगं, ती नमुन्यातल्या बाईची! तुला स्वतःची सही नाही?"

"आहे की. पण तुम्हीच शिकवलंत ना मास्तर, नमुन्यात आहे तस्संच. इकडचा टाका तिकडे गेला तर हात तोडीन म्हणालात!"

"ते सदऱ्याचं!"

"मग कागदाचा कायदा वेगळा, हे आधी सांगायचंत!"

शिवणकारखान्यात दुपारची सुट्टी होती. मशिनी थांबलेल्या, त्यामुळे बटणवालीचा आवाज पार इस्त्रीच्या टेबलापर्यंत पोचत होता. तिच्या हातात परत आलेला आयकराचा फॉर्म होता. कर कार्यालयाच्या भिंतीवर एक भरलेला नमुना टांगला होता. तिने तो हुबेहूब उतरवला होता, जन्मतारखेसकट. ती एकटीच नव्हे, सतरा जणींनी. खिडकीवरच्या कारकुनाने कपाळावर हात मारला होता. "सतराच्या सतरा बायका एकाच दिवशी जन्मल्या?" त्यावर काजं करणारी फणकाऱ्याने म्हणाली होती, "आमच्या आयांची एकी दांडगी!"

तेव्हा बटणवालीही हसली होती; आता मात्र ती बोटांवर दिवस मोजत होती. वर्षभर पगारातून जास्तीचा कापलेला कर फॉर्म भरला तरच परत मिळणार होता, आणि मुदतीला पाचच दिवस उरले होते. त्या पैशांवर तिच्या आईची कवळी अडली होती. म्हातारी वर्षभर सगळं कुस्करून गिळत होती आणि चारचौघांत तोंडावर हात धरून बोलत होती.

मास्तर म्हणजे बाईमाणूसच. कापड ज्यावरून बेततात ते पुठ्ठ्याचे फर्मे ती एकतीस वर्षं कापत होती. गळ्यात कात्री, कपाळावर चष्मा आणि जिभेला इस्त्री कधीच नाही. बटणवालीचा नवरा गेला, त्यानंतर पहिल्यांदा कामावर आली तेव्हा मास्तर एवढंच म्हणाली होती, "रडून झालं की सुई ओव." आणि मग स्वतःचं काम टाकून दिवसभर तिच्या शेजारी बसून राहिली होती.

आता मास्तरने फॉर्म उलटापालटा करून पाहिला. मग म्हणाली, "चूक माझ्या हातची आहे. आण तो कागद."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती कर कार्यालयाच्या खिडकीपाशी उभी राहिली. बरोबर बटणवाली.

"एकाच ठिकाणी पगार घेणाऱ्या बाईला यातलं काय काय भरावं लागतं?"

"चार पानं आहेत, बाई."

"पानं मलाही मोजता येतात. बोट ठेवा."

कारकून आधी वैतागला, मग त्याने बोट ठेवत नेलं. चार पानांत मिळून अकरा चौकटी. बाकी सगळं घरभाडं खाणाऱ्यांचं नि दुकानं चालवणाऱ्यांचं.

मास्तरने चार पुठ्ठे घेतले आणि त्या अकरा चौकटींच्या जागी खिडक्या कापल्या. फर्मा पानावर ठेवला की लागेल तेवढंच दिसायचं, बाकी पुठ्ठ्याआड. प्रत्येक खिडकीशेजारी तिच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: 'तुझं नाव.' 'पगाराच्या चिठ्ठीतला शेवटून दुसरा आकडा.' तिसऱ्या फर्म्याला खिडकीच नव्हती. त्यावर होतं, 'इथे काही नाही. पान उलट.' आणि शेवटी, 'तुझी सही. शेजारणीची नको.'

चौथ्या दिवशी कापणीच्या टेबलाभोवती सतरा जणी बसल्या.

"मास्तर, माझी सही वाकडी येते."

"येऊ दे. तुझीच आहे ना?"

"मास्तर, जन्मतारीख पक्की ठाऊक नाही हो."

"कामावर लागलीस तेव्हाचा दाखला काढ. आणि अजून एकी दाखवलीस तर बघ!"

सुट्टी संपायच्या आत सगळे फॉर्म झाले. खिडकीवर कारकुनाने एकेक तपासून शिक्का मारला. सतरा तारखा, सतरा सह्या. मग अजिजीने म्हणाला, "बाई, हे फर्मे इथे ठेवता? रोज माणसं तो नमुना उतरवून आणतात."

"ठेवते. आधी तो नमुना खाली काढा."

दीड महिन्याने बटणवालीची आई जिना चढून कारखान्यात आली. तोंडावर हात नव्हता.

"ही तुझी मास्तर? एवढीशी?"

"आई!"

"अगं, तू सांगतेस त्यावरून मला वाटलं, पहिलवान असेल." म्हातारीने मास्तरचा हात धरला. "बाई, दातांचे उपकार आहेतच. पण जावई गेले नि ही घरात बोलायचीच थांबली होती. तुझ्याकडे लागली आणि रोज घरी येऊन तुझ्या नकला करायला लागली. मी तोंड झाकून हसायची."

"नकला?" मास्तरने मान वळवली.

बटणवालीने बटणांच्या डब्यात डोकं खुपसलं. मागून काजं करणारी खिदळली.

"तर सांग," म्हातारी हात सोडेना, "काय देऊ तुला?"

मास्तरने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला, हळूच हात सोडवून घेतला आणि भर कामाच्या वेळी, चष्म्याआड पदराचं टोक दाबत, जिना उतरून गेली.