कुंचीला जोडलेली आत्या

मी आयुष्यात पहिल्यांदा शिवलेली वस्तू म्हणजे भाच्याची कुंची, आणि ती मी स्वतःच्या परकराला शिवली.

आमच्या नाशकाच्या घरी दादाला पहिला मुलगा झाला. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. पण इथे आत्या दोन! ताई लग्न झालेली, सुबक हाताची. आणि मी परकर-पोलक्यातली, एका जागी क्षणभर न टेकणारी. (आई म्हणायची, "हिच्या बुडाखाली कुणी निखारे ठेवलेत की काय!") मी मानासाठी हटून बसले, तशी आई म्हणाली, "आधी स्वतःच्या हातानं कुंची शिवून दाखव. नाही जमली, तर नाव ताई ठेवील."

झालं! भद्रकालीच्या बाजारातून खण आला. ताईनं धावदोरा शिकवला. दोन टाके घातले की मी गल्लीत, आणखी दोन घातले की चिंचेखाली! या धांदलीत मी टोपीचं तोंडच शिवून टाकलं.

ताई म्हणाली, "अगं, ही कुंची आहे की कांद्याची गोणी?"

उसवलं, पुन्हा शिवलं. बारशाचा दिवस उजाडला, बायका जमल्या, तरी खालची झालर बाकीच! पाळण्याशेजारी बसून, कुंची मांडीवर पसरून मी सुई नुसती पळवत सुटले. शेवटची गाठ मारते न मारते, तोच वहिनीनं बाळ माझ्या मांडीवर ठेवलं आणि कुंची त्याला बांधलीसुद्धा!

आईनं बाळ उचललं. त्याबरोबर माझा परकरही निघाला वर! बघते तर झालर परकराला पक्की! (उभ्या जन्मात इतके मजबूत टाके मी पुन्हा घातले नाहीत.) बोलावं, तर मान ताईला. मी परकर दोन्ही हातांनी दाबून आईला चिकटून उभी राहिले.

"ही कशाला गं मध्ये मध्ये?" ताई.

"बाळाला माझी सवय झालीय!" मी.

"कुणी गोविंद घ्या!" म्हणत आईनं बाळ पाळण्याखालून ताईकडे दिलं. मीही रांगत पाळण्याखालून गेले! "कुणी गोपाळ घ्या!" म्हणत ताईनं ते पाळण्यावरून परत केलं. मी एक पाय पाळण्यात टाकला आणि पलीकडे उतरले! पंचवटीच्या मावशी पदरानं डोळे टिपत म्हणाल्या, "काय बाई माया आत्याची!" ताई मात्र डोळे बारीक करून माझ्याकडे बघत होती.

एकदाचं बाळ पाळण्यात पडलं. मी वाकले, "कुर्रर्र!" केलं आणि कानात नाव सांगितलं: माधव. जिंकले!

पण नाव सांगितलं की आत्याच्या पाठीत धपाटे घालायची रीत. शहाण्या आत्या अशा वेळी पळतात. मी कुठे पळणार? ताईनं तर कणीक तिंबावी तशी माझी पाठ तिंबली! शेवटी जीव खाऊन उडी मारली. टर्रर्र! मी थेट अंगणात, आणि परकराचा वीतभर तुकडा बाळाच्या झालरीला लोंबतोय! (बाळ? गाढ झोपेत!)

वहिनी बाळाला घेऊन माझ्यामागे अंगणात आली. तो तुकडा उलटसुलट करून तिनं नीट न्याहाळला आणि म्हणाली,

"वन्सं, भाच्याला आत्याचा लळा आपसूक लागतो हो. त्यासाठी टाके घालावे लागत नाहीत."