पत्र्यापासून पाव मिलिमीटर

आमच्या प्रयोगशाळेत नवीन आलेल्या प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात सांगितलं जातं की बाईंच्या, म्हणजे माझ्या, वाटेला जाऊ नकोस. त्यात खोटं काही नाही. वाऱ्याच्या बोगद्याशेजारी वीस वर्षं काढली की माणूस मोठ्यानंच बोलायला लागतो, आणि मोठ्यानं बोललेलं सगळं लोकांना रागाचं वाटतं. पण मी रागीट आहेच. माझ्या तारेला कुणाचा धक्का लागला तर मी त्याला उभा आडवा घेते, मग तो विद्यार्थी असो नाहीतर पाहुणा.

तार म्हणजे आमचं मोजायचं हत्यार. केसापेक्षा कितीतरी बारीक, विजेनं तापवलेली. वारा लागला की ती गार होते, आणि किती गार झाली त्यावरून वाऱ्याचा वेग कळतो. बोगदा म्हणजे लांबलचक लाकडी पेटी, एका टोकाला भलामोठा पंखा. आत पत्रा ठेवायचा, वरून वारा सोडायचा आणि पत्र्याला लागून तो कसा खळबळतो ते मोजायचं. त्या खळबळीचं गणित अजून कुणाला पुरतं सुटलेलं नाही. ते सुटलं असतं तर मला दुसरी नोकरी बघावी लागली असती.

संस्था येलहंक्याच्या बाजूला, मी राहते राजाजीनगरला. माहेर निपाणीकडचं. घरात मराठी, दारात कन्नड, कामावर इंग्लिश, हे मला लहानपणापासून सवयीचं. तरी प्रयोगशाळेत कुणाशी तरी मराठीत भांडता यावं असं फार वाटायचं. मग ती आली. पुण्याची मुलगी, पीएचडी करायला आलेली, नवरा आयटीत, घर सर्जापूर रोडला, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. रोज दोन-दोन तास बसमध्ये काढून यायची आणि आल्या आल्या माझ्या डब्यातली भाकरी मोडून तोंडात टाकायची. मला ताई म्हणायची. मी तिच्यावर ओरडले की म्हणायची, "ताई, बोगदा बंद आहे, हळू बोललात तरी ऐकू येईल." असं मला दुसरं कुणी म्हटलं असतं तर बघितलं असतं.

ती प्रयोग करायची नाही. माझ्याच पत्र्यावरचा वारा ती संगणकावर सोडवायची. पत्र्यावरच्या हवेची एक पेटी धरायची, तिचे बारीक बारीक चौकोन पाडायचे, आणि प्रत्येक चौकोनात क्षणाक्षणाला काय होतं ते मोठ्या संगणकाकडून काढून घ्यायचं. पेटी लहान धरली तर उत्तर लवकर येतं. मोठी धरली तर संगणक महिनोन् महिने राबतो, पण उत्तरावर भरवसा जास्त. तिचं सिम्युलेशन आणि माझा प्रयोग, दोन्हींचे कर्व्ह एकमेकांवर चपखल बसले होते. तिच्या थिसिसचं मुख्य प्रकरण त्याच एका ग्राफवर उभं होतं. ग्राफ बघून आमचे सर, म्हणजे तिचे गाइड, खुर्चीतून उठले होते. मीसुद्धा चार दिवस कुणावर ओरडले नाही.

गेल्या वर्षी तिला पुण्याच्या एका कॉलेजात जागा मिळाली. अट एवढीच की जूनमध्ये रुजू व्हायच्या आधी थिसिस जमा झालेला पाहिजे. तिची आई तिथं एकटी असते आणि तिची नजर हळूहळू जाते आहे. नवऱ्यानंही पुण्याला बदली मागून घेतली होती. एप्रिल उजाडला तेव्हा थिसिसची शेवटची दोन पानं राहिली होती.

त्या दोन पानांसाठी ती माझ्याकडे आली. "ताई, तार पत्र्यापासून किती अंतरावर आहे ते कसं ठरवलंत? परीक्षक विचारतील."

"नेहमीसारखंच," मी म्हटलं. "काय नवीन आहे त्यात? लिही दोन ओळी."

"वहीतलं पान दाखवा ना, त्यावरून लिहिते."

या अंतराचं दुखणं आमच्या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत आहे. तार पत्र्याला टेकवता येत नाही, टेकली की तुटली. म्हणून अंतर अंदाजानं धरतात आणि मग थोडं खालीवर सरकवून घेतात. गुळगुळीत पत्रा असेल तर त्यात पाप नाही, कारण तिथला कर्व्ह कसा यायला हवा ते हजार वेळा तपासून झालेलं आहे. त्याच्याशी आपले आकडे जुळवले की अंतर हाती लागतं. पण आमच्या पत्र्यावर आडव्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या, तो खरखरीत होता. तसल्या पत्र्याचा ठरलेला कर्व्ह कुठेच नव्हता. तोच तर आम्ही शोधत होतो.

मी कपाटातून जुनी वही काढली. पान सापडलं. खाली कोपऱ्यात माझ्याच पेन्सिलीतलं अक्षर होतं: "हिच्या कर्व्हशी जुळवून पाव मिमी खाली घेतलं."

मला ते आठवतसुद्धा नव्हतं. वही मिटून मी तिला म्हटलं, पान मिळत नाही, उद्या बघते.

मग हळूहळू आठवलं. तीन वर्षांपूर्वी, मार्चमधली दुपार, दुसऱ्या दिवशी बोगदा दुसऱ्यांच्या ताब्यात द्यायचा होता. आकडे वेडेवाकडे येत होते. तिचं पहिलं सिम्युलेशन नुकतंच झालं होतं, लहान पेटीचं, घाईत काढलेलं. ते मी मागून घेतलं, त्यावर माझे ठिपके ठेवले आणि बसेपर्यंत सरकवले. पाव मिलिमीटर. एवढंसं तर सरकवायचं, सगळेच सरकवतात. तेव्हा माझ्या डोक्यात एवढंच होतं. एखादा विद्यार्थी शेजाऱ्याच्या पेपरात बघून उत्तर लिहिताना सापडला असता तर त्याला मी वर्गाबाहेर काढलं असतं.

चार दिवस मी तिला चुकवत राहिले. ती कॅन्टीनमध्ये दिसली की मी जिन्याकडे वळायचे. रागीट बाईचं हे बरं असतं, तोंड फिरवलं तरी लोकांना वाटतं आज बिनसलं असेल. मधल्या वेळात मी आमच्या अण्णांना गाठलं. अण्णा म्हणजे बोगदा सांभाळणारे तंत्रज्ञ, माझ्याहून जुने. जुना पत्रा पुन्हा आत बसवायला सांगितला. का, ते त्यांनी विचारलं नाही.

अण्णांनी तारेशेजारी एक बोथट सुई बसवली. दोघींमधलं अंतर सूक्ष्मदर्शकाखाली मोजून घेतलं. सुई पत्र्याला टेकली की वीज वाहून मीटरचा काटा हलणार, म्हणजे अंदाज नाही, जुळवाजुळव नाही. पंखा बंद असताना त्यांनी ती एकदा टेकवून बघितली. मी म्हटलं, झालं. ते म्हणाले, "स्वल्प थांबा, अक्का. वाऱ्यात बघू." पंखा पूर्ण वेगानं सुरू केला आणि पुन्हा सुई खाली आणली. तार आणि सुई धरणारी दांडी वाऱ्यानं उचलली जात होती. काटा हलला तो भलत्याच ठिकाणी. मी तीन वेळा करायला लावलं. तिन्ही वेळा तेच.

नवीन अंतर धरून मी सगळे आकडे पुन्हा मांडले. ठिपके तिच्या कर्व्हवरून उठले आणि बाजूला जाऊन बसले, थोडेथोडके नाही. मला रडू आलं. अण्णा पान्हे पुसत बसले होते, त्यांनी वर बघितलं नाही.

तिला मी बोलावून घेतलं आणि वही पुढ्यात ठेवली. सांगताना माझा आवाज इतका खाली गेला की तिला दोनदा विचारावं लागलं. मला वाटलं होतं, ती चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं पेन्सिलीतली ओळ वाचली, नवे ठिपके पाहिले आणि म्हणाली, "थांबा हं."

लॅपटॉपवर ती काहीतरी जुनं शोधत राहिली. शेवटी एक स्लाइड उघडली, अडीच वर्षांपूर्वीच्या आठवड्याच्या मीटिंगमधली. त्यात दोन कर्व्ह होते. एक लहान पेटीचा, थिसिसमध्ये आहे तो. दुसरा मोठ्या पेटीचा, पाच महिने संगणक राबवून काढलेला. तो मी कधी नीट बघितलाच नव्हता. तिनं माझे नवे ठिपके त्या स्लाइडवर टाकले. ते मोठ्या पेटीच्या कर्व्हवर जाऊन बसले, एकूण एक.

"हा का टाकून दिलास तू?" मी विचारलं.

"तुमच्या प्रयोगाशी जुळत नव्हता ना." ती स्क्रीनकडेच बघत होती. "लहान पेटीचा जुळत होता. मला वाटलं, मोठ्या पेटीत माझंच काहीतरी चुकलं. दोन महिने चूक शोधत होते. सापडली नाही. मग म्हटलं, ताईंनी मोजलंय म्हणजे बरोबरच असणार."

"त्याचा डेटा?"

"पुसला. संगणकावर जागा मोकळी करायला सांगितलं होतं सगळ्यांना."

मी तिचं उत्तर बघून माझं उत्तर लिहिलं, आणि तिनं माझ्यावर विसंबून स्वतःचं खरं उत्तर पुसून टाकलं. पाच महिन्यांच्या त्या कामातलं आता एक चित्र उरलं होतं. नुसतं चित्र थिसिसमध्ये घालता येत नाही.

आम्ही सरांकडे गेलो. वाटेत मी ठरवलं होतं की सगळं सरळ सांगायचं, पण त्यांच्या समोर बसल्यावर तोंडातून निघालं, "सर, अंतराच्या मापात थोडी अनिश्चितता होती." आमच्या धंद्यात हा शब्द फार सोयीचा आहे. तिनं माझ्याकडे वळून बघितलं. त्या बघण्यानं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि मग मी पहिल्यापासून सगळं सांगितलं, पेन्सिलीच्या ओळीसकट.

सर तिला म्हणाले, माणूस वाईट नाहीत ते, तिचं भलंच बघत होते, "आत्ता जमा करून टाक. एक तळटीप घाल. दुरुस्ती नंतर पेपरमध्ये करू. पुण्याची जागा तरी जाणार नाही."

माझ्या मनात काय आलं ते लिहिते. मनात आलं, हिनं हो म्हणावं. तिच्या आईसाठी म्हणावं, आणि माझी चूक तळटिपेत जावी म्हणूनही म्हणावं.

"तो ग्राफ चुकीचा आहे हे आता मला माहीत आहे, सर," ती म्हणाली. "तोंडी परीक्षेत मी त्याच्यापुढे उभी राहून काय बोलू?"

सरांनी मुदतवाढीचा फॉर्म काढून दिला. मोठ्या पेटीचं सिम्युलेशन पुन्हा लावायचं, म्हणजे पुन्हा पाच महिने, रांगेत नंबर लागेल तेव्हापासून. पुण्याचं कॉलेज तोवर थांबणार नव्हतं. फॉर्मवर कारणाची एकच ओळ होती. तिनं तिथं लिहायला घेतलं, "पुन्हा गणन करणं..." मी तिच्या हातातून पेन घेतलं, ते खोडलं आणि लिहिलं की प्रयोगातलं अंतर मी हिचंच उत्तर बघून ठरवलं होतं, त्यामुळे हिचं बरोबर काम बाद झालं. खाली माझी सही केली.

तिनं ते वाचलं. माझ्या सहीशेजारी तिनं आपली सही केली, आणि फोन घेऊन आईला सांगायला बाहेर व्हरांड्यात गेली.