अपर्णा व्रताला बसली

आता सांगतेच एकदाचं, म्हणजे दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावून ऐकायची तुमच्यावर पाळी नको. चहा हातात घ्या, पण घोट जपून घ्या. मागे हीच गोष्ट सांगताना एकीच्या नाकातून आला होता.

मी कोंबडीची आरती केलेली आहे.

हो, कोंबडीची! निरांजन लावून, कापूर जाळून, घंटा वाजवून. आणि पूर्ण शुद्धीवर असताना.

माझं माहेर वर्ध्याकडचं, माळकरी. आमच्या घरी अंडं हा शब्दसुद्धा तोंडातून काढायचा नाही. फारच वेळ आली तर आई 'ते पांढरं' म्हणायची. आणि लग्न होऊन मी पडले कुठे? भद्रावतीच्या फॅक्टरी-कॉलनीत, जिथे आमच्या ह्यांना रोज सकाळी ते पांढरं लागायचंच! एका रविवारी हे बाजारातून परत आले ते पिशवीतून भाजीऐवजी तीन कोंबड्या फडफडवतच.

"घरचे अंडे घरी," हे म्हणाले. "रोज कोन दुकानात जाईन?"

मी अटी घातल्या. अंडं यांनीच शिजवायचं, मागच्या ओट्यावर, वेगळ्या स्टोव्हवर, वेगळ्या तव्यात. आणि कोंबडी कापायची नाही म्हणजे नाही.

"बरं," हे म्हणाले. मग अगदी हळू पुटपुटले, "अंडे देऊन राह्यली तोवर." नवऱ्याचं पुटपुटणं नीट ऐकावं, बायांनो. सगळं तिथंच असतं.

पण खरं सांगू? जीव लागला हो. सकाळी खुराड्याची फळी सरकवली की तिघी अशा तोऱ्यात बाहेर पडायच्या की जणू क्वार्टर त्यांच्याच नावावर आहे. तांदळाच्या कण्या टाकल्या की पायांत घुटमळायच्या. काळजीही तेवढीच. कॉलनीच्या कुंपणापलीकडे झुडपी जंगल, तिथून मुंगूस यायचं, रानमांजर यायचं. आणि या बयांना स्वतःच्या खुराड्याची किंमत नाही! अंडं घालायला जायच्या शेजारच्या मेंदीच्या कुंपणात.

शेजारी कौसाबाई राहायच्या. आरमोरीच्या, कोंबड्यांतच लहानाच्या मोठ्या झालेल्या. त्यांच्याकडे कोंबड्यांचा मोठा बारदाना होता, वर एक टगा कोंबडा. तोंड त्यांचं असं की कोंबडासुद्धा त्यांना विचारून आरवायचा.

"काऊन वो सुमनबाई, तुमची कोंबडी माह्या मेंदीत अंडे देते, अन् तुम्ही माह्या तोंडाकडे पाहून राह्यल्या?" त्या म्हणाल्या. "खुराड्यात एखादं खोटं अंडं ठेवा. कोंबडीले वाटते, इथी दिलं त चालते."

"खोटं अंडं कुठे मिळते?"

"दुकानात जाऊन मांगा!" त्यांनी कपाळावर हात मारला. "घरात उडालेला बल्ब नाई का? दुधी? तो ठेवा तनसात खुपसून."

होता. देवघरातलाच होता, नुकताच उडालेला. ठेवला तनसात, म्हणजे भाताच्या पेंढ्यात, आणि विसरून गेले. कोंबड्या मात्र शहाण्यासारख्या तिथंच अंडं घालू लागल्या. मी रोज अंडी काढून घ्यायची, पदर नाकाला लावून.

मग श्रावण लागला. कौसाबाई भाताच्या रोवण्यासाठी आरमोरीला निघाल्या. एस.टी.च्या वेळेवर दारातून ओरडून गेल्या, "सुमनबाई, एखादी बसली त मले चिठ्ठी धाडजा बरं! कापाची घाई करजा नोका!"

मी मान हलवली. 'बसली' म्हणजे काय, हे विचारायची अक्कल कुठली? कोंबडी बसते, उठते, पुन्हा बसते. त्याला चिठ्ठी कशाला धाडायची? रोवण्याच्या गडबडीत बाई काहीतरी बोलून गेली, असं मी मनात म्हटलं. तेही जरा नाक उडवूनच.

आणि दुसऱ्याच सोमवारी तांबडीचं वागणं बदललं.

मी महादेवाला बेल वाहून मागे आले तर दोघी अंगणात, तांबडी खुराड्यात. डोळे अर्धे मिटलेले. कण्या टाकल्या, उठली नाही. पाणी ठेवलं, बघितलंही नाही. हात लावायला गेले तर अंग फुगवून 'खुर्रर्र' केलं. एरवी दिवसभर कलकल करणारी ही, आता तोंडातून शब्द नाही. दिवसातून एकदा बाहेर यायची, चार दाणे टिपायची, पाणी प्यायची आणि लगबगीनं परत आत.

एकभुक्त! मौन! मी तिथल्या तिथे हात जोडले.

पुढच्या दिवसांत पाहिलं तर तिनं स्वतःच्या छातीवरची पिसंसुद्धा उपटून टाकली होती. आता हे वैराग्य नाही तर काय? मी इतक्या वर्षांत सोळा सोमवार केले, हरितालिका केल्या, पण अंगावरची एक बांगडी उतरवली नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पार्वतीनं तप करताना झाडाचं पानसुद्धा सोडलं म्हणून ती अपर्णा. मी तांबडीचं नाव अपर्णा ठेवलं.

ह्यांना सांगितलं तर हे अर्धवट दाढी झालेल्या तोंडानं माझ्याकडे बघत राहिले.

"ते कोंबडी आहे, सुमे."

"जीव आहे ना? मागच्या जन्मीचं पुण्य असेल."

"अंडे त बंद केले ना तिनं? मंग पोळ्याच्या करीले तिचंच पुण्य रश्शात उतरवतो." आणि राहिलेली दाढी करायला लागले.

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कर. महिनाभर सोडलेलं मटण-कोंबडं त्या दिवशी घराघरांत शिजतं. म्हणजे इकडे ही बिचारी श्रावण पाळते आणि तिकडे श्रावण संपायची वाट बघत सुरी बसलीय! मी रडले, रुसले. शेवटी हे म्हणाले, "असं कर. तुह्या भजन मंडळाच्या बडवाईककाकू म्हणाल्या का हे कोंबडी व्रतात आहे, त सोडतो. लिहून देतो."

बडवाईककाकू म्हणजे आमच्या कॉलनीतलं धर्मपीठ. त्यांचा उपास बघण्यासारखा. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी भगर आणि शेंगदाण्याची आमटी, चारला बटाट्याचा कीस, मध्ये केळी. एरवी जेवल्या तर कमी जेवतील! मी अपर्णेचं सांगितलं तेव्हा त्या उपासाचा चिवडा खात होत्या.

"एकभुक्त?" त्यांनी विचारलं.

"एकभुक्त. आणि पाणीसुद्धा एकदाच."

काकूंनी चिवड्याची वाटी खाली ठेवली. जरा ओशाळल्या, असं मला वाटलं. पण ओशाळणाऱ्यांतल्या त्या नव्हेत. लगेच म्हणाल्या, "मले स्वप्नात दिसलंच होतं. लाल लुगड्यातली बाई. तांबडीच ते!"

झालं! संध्याकाळपर्यंत गल्लीभर. एकजण म्हणाली, तिच्या तुऱ्यावर त्रिशूळ आहे. कोंबडीच्या तुऱ्याला टोकंच असतात हो, पण तेव्हा आम्हाला कोण सांगणार? ज्या बायका आमच्या मागच्या दारी नाक मुरडून यायच्या, त्या आता चपला काढून येऊ लागल्या. खुराड्यापुढे रांगोळी पडली. कुणी बेल ठेवला, कुणी जास्वंद. उरलेल्या दोन कोंबड्यांनी जास्वंद खाऊन टाकली, तर त्यांना 'नास्तिक' म्हणाल्या सगळ्या. आणि मी? मी मधोमध उभी राहून, पदर डोक्यावर घेऊन, अपर्णेचे नियम समजावून सांगत होते! कुणी मोठ्यानं बोललं तर 'शूऽ, मौनभंग होईल' म्हणत होते. आठवलं की आजही स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्याशा वाटतात.

शेवटच्या सोमवारी काकूंनी आरती ठरवली. आरती झाली की ह्यांना समोर उभं करून काकू निकाल देणार आणि अपर्णा करीतून सुटणार. मी पहाटेपासून उपाशी, बोलले नाही, काही मागितलं नाही, फक्त एवढंच: देवा, या मुक्या जीवाला वाचव.

सगळ्या जमल्या. खुराड्याची फळी काढली. अपर्णा आत समाधीत. कपाळाला कुंकू लावायला गेले तर तिनं माझं बोट फोडलं. काकू म्हणाल्या, प्रसाद समज. टाळ सुरू झाले. मी ताट ओवाळू लागले. हे ओट्यावर हाताची घडी घालून उभे, ओठ दातांत धरून.

तेवढ्यात मेंदीपलीकडून आवाज आला, "काऊन वो! कोन गेलं?"

कौसाबाई! डोक्यावर गाठोडं, पायाला अजून चिखल, नुकत्याच एस.टी.तून उतरलेल्या.

"शूऽ," काकू म्हणाल्या. "आरती चालू आहे."

"ते दिसते. पण कोनाची?"

"अपर्णेची," मी म्हणाले. "व्रताला बसली आहे. सगळा श्रावण."

कौसाबाईंनी गाठोडं खाली ठेवलं. खुराड्यात वाकून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. पुन्हा खुराड्यात पाहिलं.

"बसली?"

"हो."

"मी जाताना का सांगतलं होतं? बसली त चिठ्ठी धाडजा म्हणून ना?"

"पण ही तर व्रताला..."

"अवो, खुडूक झाली ते! खुडूक! अंडे उबवाले बसली. कोंबडी अशीच बसते, खात नाई, पेत नाई, पिसं काढते. तुमच्या मायनं कधी कोंबडी पाह्यली नाई का?"

"आमच्याकडे माळकरी..."

"अन् अंडे कुठी आहेत खाली?"

"मी तर रोज काढून घेत होते."

"मंग हे बिचारी कायच्यावर बसून राह्यली?"

असं म्हणून त्यांनी आत हात घातला. अपर्णा खुर्रर्र करायच्या आत पंखांखाली धरून उचलली. टाळ थांबले. सगळ्या जणी वाकल्या.

तनसात, मधोमध, कुंकवाचा एक शिंतोडा अंगावर घेऊन, माझ्या देवघरातला उडालेला बल्ब बसला होता.

निरांजन माझ्या हातात तसंच तेवत होतं. मग कौसाबाईंनी तो बल्ब उचलून उन्हात धरला आणि शांतपणे म्हणाल्या, "चांगला गरम आहे वो. अजून जरा उबवला असता, त ट्यूबलाइट निघाली असती."

आणि माझ्याकडे बघून, "पर ते त पहिलेच निघाली!"

ओट्यावर हे खालीच बसले. हसता हसता ह्यांच्या डोळ्यांतून पाणी. बायका पदर तोंडात कोंबून पळाल्या. आणि बडवाईककाकू? त्या घंटा पिशवीत टाकत म्हणाल्या, "मले त पहिल्याच दिवशी शंका आली होती. पण म्हटलं, सुमनचं मन कायले मोडा?" आणि जाताना नारळ परत घेऊन गेल्या!

मला हसू येईना, रडू येईना. एकच सुचलं. ह्यांना विचारलं, "आता? करीला कापणार?"

ह्यांनी डोळे पुसले. "काकूनं निकाल त देला नाई..."

"खबरदार!" कौसाबाई ओरडल्या. "खुडूक कोंबडी कापते का कोनी? दगडाले ऊब देन, अशी बसली आहे ते. पाटीभर अंडे आणून देतो माह्याकडचे. माह्याकडं कोंबडा आहे, पिल्लं निघतीन. बसवा खाली. अन् तुम्ही करीले पाटोडीचा रस्सा खा, भाऊ. मरत नाई त्यानं!"

कौसाबाईंपुढे कोंबडाही बोलत नसे, तिथे हे काय बोलणार? कर आली, आमच्याकडे बेसनाची पाटोडी झाली. अपर्णा त्या दिवशी खऱ्या अंड्यांवर बसली होती, आणि मी, हसू नका, खुराड्यापुढे उदबत्ती लावली होती. लपून. सवय जात नाही.

भाद्रपदात पिल्लं निघाली. पिवळी, काळी, ठिपक्यांची, अंगणभर चिवचिव. अपर्णा त्यांना पंखाखाली घेऊन बसली की मला तिच्या डोळ्यांत एक तुच्छता दिसायची. पार्वतीची नाही, कौसाबाईंसारखी.

गल्लीला मात्र मला चिडवायला कायमचं निमित्त मिळालं. कॉलनीतली लाइट गेली की कुणीतरी हमखास ओरडायचं, "सुमनबाई, एखादा बल्ब उबला का वो?"

उबला नाही. मला कसं ठाऊक, विचारा!

पिल्लं निघाली त्या दुपारी घरात कुणी नव्हतं. मी तो बल्ब पदरानं पुसला. म्हटलं, अख्खा श्रावण तप झालंय याच्यावर, एवढी ऊब, एवढी माया, एक आरतीसुद्धा. देवाच्या घरी काय अशक्य आहे? खुर्ची घेतली, देवघरातल्या होल्डरला बल्ब लावला, हात जोडले आणि बटण दाबलं.

पुन्हा दाबलं.

उजेड काही पडला नाही. घरात ट्यूबलाइट एकच होती, आणि ती खुर्चीवर उभी होती.