बेशरमावरचं सोनं

आमच्या झूऑलॉजी डिपार्टमेंटच्या कपाटात बरण्या कमी आणि किस्से जास्त. त्यातले निम्मे एकाच किड्याचे!

नाल्याकाठी माजणाऱ्या बेशरमाच्या झुडपांच्या पानांवर हा सापडतो. टिकलीएवढा, पाठ सोन्यासारखी. हात लावला, घाबरला, की सोनं उतरून तपकिरी होतो. शांत सोडला की परत सोनेरी! आमच्या हेड कुसुम मॅडम म्हणतात, "तो रंग नाहीच. कवचात पातळ थर असतात. त्यात ओल असली की उजेड सोन्यासारखा परततो. ओल हटली की खेळ खलास!"

*

एकदा मॅडम नरखेडहून एसटीनं डब्यात हे किडे आणत होत्या. शेजारच्या काकूंनी डोकावून पाहिलं.

"सोन्याचं हाय का वं?"

मॅडमनी एक त्यांच्या तळहातावर ठेवला. काकूंनी बोटानं दाबून पारख केली, तर तपकिरी!

त्यांनी तो हळूच परत दिला. "फसवलं वं तुले सोनारानं!"

*

व्हायवात एक्स्टर्नलनी एका मुलीला विचारलं, "या किड्याचा रंग कोणता?"

ती म्हणाली, "सर, तुम्ही रागावले तर तपकिरी."

*

भोयर सर नवीनच लागले होते. त्यांनी एक किडा मारून पेटीत टाचला. सकाळी बघतात तर मातकट! "माझा किडा कोणी बदलला?" म्हणत सर्वांकडे संशयानं पाहिलं, लॅबची किल्ली माझ्याकडे असते, म्हणून माझ्याकडे जरा जास्तच.

मॅडमनी तो ओल्या कापसावर ठेवला. काही वेळानं पाठीवर पुसटसं सोनं आलं. सरांचा चेहराच पडला. आधी आमच्याकडे, मग किड्याकडे बघून म्हणाले, "वाळला होता बिचारा. माफ कर गा, राजा!"

तेव्हापासून सर किडे जिवंतच पाळतात, टेबलाच्या खणात. खण उघडण्याआधी टकटक करावी लागते!

*

सर मुलगी बघायला सावनेरला गेले, तेव्हा मॅडम आणि मी सोबत होतो. मुलगी त्यांना फोटोतच आवडलेली. बोलायला काही सुचेना, म्हणून त्यांनी खिशातून आगपेटी काढली. "सोन्याचा किडा दाखवतो!"

गाडीच्या धक्क्यांनी किडा पार तपकिरी. मुलीचे मामा हसले. कोणीतरी काडीनं टोचलं. सरांच्याही चेहऱ्याचा रंग उडाला; ते घाम पुसत बसले.

तेवढ्यात मुलगी बोलली. "काहून तंग करून राहिले त्याले? मागे सरका ना सगळे!"

सगळं घर भिंतीला टेकलं. पंखासुद्धा बंद केला. कोणी खोकेना.

हळूहळू पाठीवर सोनं पसरलं. मुलगी सरांकडे बघून हसली.

तिचे बाबा कधी किड्याकडे, कधी सरांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "याचा रंग तं आला. जावईबापू, तुमचा कधी येते?"