इंग्लंडच्या बाईला टाळ्या

माण तालुक्यातल्या आमच्या गावात पदवी घेणारी मी पहिली मुलगी. आईवडिलांना सहीही येत नव्हती. गावच्या शाळेनं मला शिकवलं, आणि आज मी सांगलीत विश्रामबागच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवते. गावाचे उपकार मी विसरलेले नाही, म्हणूनच हे लिहिणं जड जातं. पण त्या संध्याकाळची किळस अजून गेलेली नाही.

गेल्या वर्षी यात्रेच्या आधी गावानं माझं व्याख्यान ठेवलं होतं. मी एका ब्रिटिश अभिनेत्रीबद्दल बोलले. तिचे सिनेमे मी वर्गात दाखवते. राणीपासून मोलकरणीपर्यंत सगळ्या भूमिका केलेली, सिनेमात नाव झाल्यावरही पुन्हा पुन्हा नाटकाकडे परतलेली, केस पांढरे झाल्यावर तर आणखीच बहरलेली बाई. तिच्या देशानं तिला मोठा किताब दिला, हे सांगितलं तेव्हा मांडव टाळ्यांनी दणाणला. यात्रा कमिटीचे अध्यक्ष आण्णा नात्यानं माझे चुलते. त्यांनी डोळे पुसले आणि मला शाल पांघरताना म्हणाले, "अशी लेक आपल्या गावात जन्माला यावी!"

मला ते खरं वाटलं. म्हणून चहाच्या वेळी विषय काढला.

आमच्याकडे यात्रेत गावकरी नाटक बसवतात. पुरुषांची कामं गावातलेच करतात, बायकांच्या कामाला मिरजेहून नटी आणतात. गावचीच एक मुलगी माझ्या कॉलेजात बारावीला होती. त्या वर्षीच्या नाटकातल्या नायिकेचं सगळं काम तिनं पाठ केलं होतं. ती माझ्या शेजारीच उभी होती.

"आण्णा, यंदा हिला काम द्या की."

आण्णांनी बशीतला चहा फुर्रकन ओढला. "आन् मग हिची सोयरीक तू जुळवणार व्हय?"

मंडळी हसली. नायकाचं काम करणारा किराणा दुकानदार म्हणाला, "मॅडम, गावच्या पोरीचा हात धरून मी गाणं कसं म्हणू? मिरजेच्या बाईचं येगळं आसतंय." आणि त्यानं आण्णांना डोळा मारला. मघाशी ओले झालेले आण्णांचे डोळे हसताना बारीक झाले.

मुलीनं विचारलं, "मग आण्णा, मघाशी टाळ्या कशाला वाजवल्या?"

"ती इंग्लंडातली हाय. तिचा बाप आमच्यासंगं पारावर बसत न्हाई."

मुलीचा बाप तिथंच कप गोळा करत होता. त्यानं मान वर केली नाही.

यात्रेत मिरजेची नटी आली. ती बिचारी जीव ओतून काम करत होती आणि पहिल्या रांगेतून कमिटी शिट्ट्या मारत होती. दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला. "मॅडम, तिसऱ्या अंकात त्या बाईंनी एक वाक्य गाळलं. मला येत होतं."

यंदा आण्णांनी फोन करून पुन्हा बोलावलं. "त्याच बाईवर बोल. लोकास्नी लय आवडलं."

"त्या पोरीला काम देता का? मग येते."



"मग न्हाई जमणार," आण्णा म्हणाले. "आमी दुसरं कुणीतरी बघतो."